बर्फात ठेवायची बाटली

नाही, चहा नको. भाऊजी, मला कपाटाची किल्ली हवी आहे. तुमच्या बरण्यांच्या कपाटाची, हो, त्याच. असं बघू नका माझ्याकडे, मला ताप आलेला नाही. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही तो एका विचारानं, आणि तो विचार तुम्हाला सांगितला तर तुम्ही म्हणाल, बाई खुळी झाली. म्हणा. मी स्वतःला म्हणून झालंय. विचार असा, की ती बाटली मुंबईहून परत आली — तुम्हीच घेऊन आलात, सर्जनसाहेबांनी काल सांगितलं मला — मग ती आहे कुठे? गंगेत सोडलीत? नाही, तसलं तुम्ही करणार नाही, तुम्ही सायन्सवाले. केराच्या टोपलीत टाकलीत? तेही नाही, तुम्हाला तर जुनं वर्तमानपत्रसुद्धा टाकवत नाही. मग उरलं काय? ते कपाट. जिथे तुमचा पांढरा पडलेला साप आहे, आणि तो ऑक्टोपस, आणि पोट उघडलेला बेडूक — ज्याला आमची लीना रोज झोपायच्या आधी, कपाटाचं दार उघडून घेऊन, ‘गुड नाइट’ म्हणायची. त्यांच्या रांगेत, चिठ्ठी चिकटवून, माझ्या डाव्या छातीतला तुकडा. तसंच आहे ना? मान हलवू नका, हो की नाही ते बोला. — ठीक आहे. मी बोलते.

बसा ना. उभं राहून काय होणार आहे, पंखा तसाही बंद. आज लोडशेडिंग सकाळपासूनच लागलंय, संध्याकाळपर्यंत काही वीज येत नाही, आणि हेही येत नाहीत. बजबजचा तेलडेपो तुमच्या भावाला दिवेलागणीच्या आत कधी सोडतो? लीना आत चित्रं काढतेय. म्हणजे माझ्या तावडीतून तुम्हाला सोडवायला घरात कुणी नाही. घर तुमचंच आहे, माहीत आहे मला. ह्यांची इकडे कलकत्त्याला बदली झाली तेव्हा ‘दुसरीकडे जागा कशाला बघता, मी एकटाच तर आहे’ म्हणालात, आणि आम्ही तिघं ट्रंका घेऊन आलो ते इथलेच झालो. त्याची जाणीव आहे. जाणीव आहे म्हणून तर इतके दिवस तोंड शिवून होते. थोरल्या दिरासमोर आवाज चढवायचा नाही हे नागपूरला आईनं शिकवलं, आणि पुढे इतिहासात बी.ए. केलं तरी ते काही पुसलं गेलं नाही. आज पुसलं गेलं. बघा, चढलाच आवाज.

काल मी एकटी गेले होते सर्जनसाहेबांकडे. ह्यांना सांगितलं, टाके दाखवायला जातेय. टाके कधीचे सुकलेत. ते आपले दाराकडे बघतायत, नवरा मागून येतोय का म्हणून — माणूस सज्जन, हात हलका, पण बाईशी बोलायचं म्हणजे शेजारच्या खुर्चीत पुरुष लागतो, नाहीतर वाक्यच सुरू होत नाही त्यांचं. मी म्हटलं, डॉक्टर, छाती माझी कापलीत, बोलाही माझ्याशीच. इंग्रजीत म्हटलं. व्याकरण चुकलं असेल, पण पोचलं. मग बोलले. कागदावर चित्र काढून सांगितलं. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुम्ही प्राणिशास्त्राचे प्राध्यापक, पण ऐका — मला एकदा माझ्याच तोंडून ऐकायचंय, मला खरंच कळलंय का ते. गाठीच्या पेशींत एक प्रोटीन असतं म्हणे. असतं, किंवा नसतं. खुंटीसारखं. असलं, तर बाईच्या अंगातला हार्मोन येतो आणि त्या खुंटीला अडकतो, बाजारातून आणलेली पिशवी अडकवावी तसा, आणि त्या पिशवीतलं खाऊन गाठ पोसते. मग काय करायचं? पोट उघडून बीजांडकोश काढून टाकायचे. पिशवी यायचीच बंद. गाठीचं उरलंसुरलं काही अंगात असेल तर ते उपाशी मरेल. आणि खुंट्याच नसल्या, तर? तर ते काढून काही उपयोग नाही. उगीच पोट फाडून घेतल्यासारखं. बरोबर सांगितलं ना? आजार काखेपर्यंत पोचला होता, म्हणजे नुसतं हातावर हात ठेवून बसता येणार नाही. खुंट्या आहेत की नाहीत, हे सांगणार होता तो तुकडा. सुपारीएवढा. माझ्या पुढच्या सगळ्या आयुष्याचं उत्तर त्याच्या पोटात होतं, आणि तुम्ही त्याचं लोणचं घातलंत.

हसू नका म्हणणार होते, पण तुम्ही कुठे हसताय. मीच हसले. मला हल्ली भलत्या वेळी हसू येतं.

सोमवारी मला दाखल व्हायचंय, कळलं का? दुसऱ्या ऑपरेशनला. किंवा नाही व्हायचं. सोमवारच्या आत मी सांगायचं आहे, हो किंवा नाही. सर्जनसाहेब म्हणाले, तपासणी झाली असती तर मी तुम्हाला ठामपणे सांगितलं असतं, आता हा अंदाज आहे. अंदाज! मी भाजीत मीठ अंदाजानं घालते. लीनाचा फ्रॉक अंदाजानं बेतते आणि दर वेळी तो आखूड होतो. माझ्या अंदाजांचं काय होतं ते तुम्ही रोज जेवायला बसता, तुम्हाला ठाऊक आहे. आणि आता हा अंदाज मी करायचा.

आणि त्यांनी बजावलं होतं. तुमच्या तोंडावर बजावलं होतं. ऑपरेशन सकाळी झालं, मी गुंगीत, हे माझ्या उशाशी. तुमच्यावर दोनच गोष्टी सोपवल्या होत्या — एक फ्लास्क आणि एक मुलगी. दुपारी घरी यायचं, बॅग भरायची, संध्याकाळी लीनाला खालच्या मजल्यावर घोष मावशींकडे सोडायचं आणि विमानतळ गाठायचा. मुंबईला त्या प्रयोगशाळेतला माणूस उतरून घ्यायला येणार होता. सगळं ठरलेलं. आणि काय सांगितलं होतं त्यांनी? छोटी बाटली बर्फात राहिली पाहिजे, मुंबईत पोचेपर्यंत बर्फात, आणि त्यात काही म्हणजे काहीही घालायचं नाही. फॉर्मालिन तर मुळीच नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं आणि तुम्ही दोन्ही वेळा मान डोलावलीत. ह्यांनी पाहिलंय. मग घरी आल्यावर असं काय झालं? प्रोफेसरसाहेब, का घातलंत?

‘चूक झाली.’ झालं! पुन्हा तेच. ह्यांना तेच सांगितलंत, सर्जनसाहेबांना फोनवर तेच, आता मला तेच. दोन शब्द घेऊन हिंडताय सगळीकडे. अहो, चूक झाली हे मला माहीत आहे, त्या चुकीचा पुरावा तुमच्या कपाटात आहे! मी विचारतेय, का?

बरं, मीच सांगते. सवय. आयुष्यभर जे जे मेलं ते ते तुम्ही फॉर्मालिनमध्ये टाकलं. पोरांना शिकवलंत, कापलेली वस्तू उघडी ठेवू नका, सडते, लगेच बरणीत. हात आपोआप गेला असणार कपाटाकडे. मी काल विचारलं त्यांना, फॉर्मालिननं असं होतं तरी काय? म्हणाले, आकार राहतो. सगळं जिथल्या तिथे थिजतं, वर्षानुवर्षं दिसायला तसंच, पण ते प्रोटीन धरायचं विसरतं. खुंटी भिंतीत आहे, पण तिला काही अडकत नाही. मी घरी आले, आरशासमोर उभी राहिले, ब्लाउजात रुमालाची घडी नीट बसवली — दिसायला तशीच दिसते मी, नाही का? घोष मावशी परवा म्हणाल्यासुद्धा, काही कळत नाही गं बाहेरून. कळत नाहीच. फॉर्मालिन चांगलं मुरलंय.

काय म्हणालात? बर्फ वितळला. हे नवीन. आजवर हे नव्हतं सांगितलं. बर्फ वितळला होता म्हणून घातलंत? थांबा हं, आता हे मला कळू द्या. फ्लास्क आपला, तोच रुंद तोंडाचा, पुरीला नेला होता तो. रात्रीच्या गाडीनं गेलो होतो आपण, आठवतं? मी घरून त्यात बर्फ भरून घेतला होता, आणि सकाळी समुद्रावर उघडला तर खडे जसेच्या तसे, त्याचं सरबत केलं आणि तुम्ही म्हणालात, हा फ्लास्क म्हणजे चमत्कार आहे. तोच चमत्कार त्या दुपारी दोन-तीन तासांत पाणी होतो? कसा? दार बंद, वाळ्याचा पडदा ओला, फ्लास्क टेबलाखाली सावलीत. मी सांगते कसा. झाकण. तुम्ही झाकण लावलं नाहीत. उघडून बघितलंत — बघणारच, जन्माची खोड, काय आहे ते बघायचंच — आणि मग कुठलं तरी पुस्तक हातात आलं आणि झाकण टेबलावर राहिलं. ह्या घरात दुधाचं पातेलं, शाईची दौत, नळ, सगळं उघडं ठेवता तुम्ही, आणि मी मागून झाकत हिंडते. त्या दिवशी मी झाकायला नव्हते. मी तिकडे इस्पितळात उताणी पडले होते.

तसंच झालं ना? — बोला ना काहीतरी! नाही म्हणा! भांडा माझ्याशी!

आणि वितळला तर वितळला, नवा आणायचा. फ्रिज बंद असेल, लोडशेडिंग, मान्य. पण कलकत्त्यात बर्फ मिळत नाही? भर उन्हाळ्यात कलकत्त्यात एका ठिकाणी बर्फ नाही असं होत नाही, आणि ते ठिकाण आपल्या गल्लीच्या टोकाला आहे. लेक मार्केटात मासळीच्या ओट्यांवर ढिगानं असतो, भुसा झटकला की झालं. कोणाही बंगाल्याला विचारलं असतंत तर त्यानं पहिलं तेच सांगितलं असतं. घोष मावशींना एक हाक मारली असतीत तर त्यांनी पिशवी भरून आणून दिला असता. पण आपण कसे जाणार तिकडे! आपण भाजी घेतो आणि मागल्या दारानं निघतो, नाकाला रुमाल लावून. तुमचा जन्म गेला ह्या शहरात, भाऊजी, बंगाली बंगाल्यांसारखं बोलता, कॉलेजात रोज रोहू माशाचं पोट फाडून पोरांना दाखवता, आणि मासळी बाजारात पाय ठेवायचा म्हटलं की कुळाचार आठवतो. माशाच्या बर्फात सुनेच्या अंगाचं मांस कसं ठेवायचं, विटाळेल! असंच वाटलं ना? नसेल वाटलं. तुमच्या डोक्यात ते आलंच नसेल, आणि हेच मला जास्त झोंबतंय. माझ्याही डोक्यात आलं नसतं. काल परत येताना ट्राम त्या बाजारावरून गेली, एक माणूस पहारीनं लादी फोडत होता, आणि मी मान वळवून वळवून बघत राहिले. किती बर्फ होता, भाऊजी. गटारात वाहून चालला होता.

आत काय बघताय सारखं? चित्रं काढतेय ती, सांगितलं ना. तिला ऐकू जात नाही. आणि तिच्याबद्दलही बोलायचंच आहे मला. फ्लास्क नाही सांभाळलात ते नाही, निदान मुलगी तरी धड सांभाळायची. शुद्धीवर आल्यावर मी पहिलं काय विचारलं? लीना कुठे आहे. दुसऱ्या दिवशी घोष मावशी तिला मला भेटवायला घेऊन आल्या, तर घसा हा असा बसलेला, आवाज फुटत नाही, खोकून खोकून पोरगी लाल. मावशी म्हणाल्या, आदल्या दिवशी माझ्याकडे सोडली तेव्हाच फ्रॉक पुढून ओला होता. भर उन्हाळ्यात! नळाखाली खेळत बसली असणार, आणि तुम्ही पुस्तकात. मी तिथे सलाइनची सुई लावून पडलेली आणि डोक्यात काय, तर हिला हळद-दूध कोण देणार. मला त्या वेळी स्वतःची नाही, तिच्या घशाची काळजी. आता वाटतं, काय बाई आहे मी, काळजीसुद्धा चुकीच्या जागी करते. मागल्या महिन्यापर्यंत माझी सगळ्यांत मोठी काळजी कोणती होती सांगू? की ही ‘फक्त’ म्हणत नाही, ‘शुधू’ म्हणते. किती पोळ्या खाल्ल्यास, तर ‘शुधू एक’. खालच्या पोरांबरोबर खेळून बंगालीच झालीय सगळी. मी रडायची बाकी होते, आपली मराठी हिच्या तोंडून चालली म्हणून. त्या वेळी गाठ होतीच माझ्या अंगात. लिंबाएवढी. आणि मी एका शब्दाच्या मागे लागले होते.

ती विचारते मला. आंघोळीच्या वेळी. ‘आई, तुझं इकडचं कुठे गेलं?’ सरळ बोट लावून. ह्यांना मी म्हटलं काय सांगू, तर हे बाहेर गेले, पेपर आणायला. सकाळचा पेपर हातातच होता. मग मी तिला सांगितलं, ते आजारी होतं, म्हणून डॉक्टरांकडे ठेवलंय. वाटलं, बरं सुचलं. आणि ते कुठे आहे? तिच्या बेडकाशेजारी! उद्या ती नव्या बाटलीलाही गुड नाइट म्हणेल, भाऊजी. म्हणेलच, तिला नवी बरणी लगेच दिसते. म्हणून किल्ली हवी आहे मला. दुसरं काही नाही. मी काय करणार आहे त्याचं, ते मला अजून माहीत नाही, पण ते माझं आहे. आजवर सगळ्यांनी त्याला हात लावला, फक्त मी सोडून. माझ्यासमोर इंग्रजीत कुजबुजत होतात तुम्ही दोघं भाऊ, डॉक्टरांशी — ‘तिला सांगू नका, साधी गाठ आहे म्हणा’ — जसं काही मी कॉलेजात इंग्रजीच्या तासाला भिंत रंगवायला जात होते. मी सगळं ऐकलं आणि साधी गाठ आहे असा चेहरा केला. का? तर तुम्हाला वाईट वाटू नये. माझा आजार माझ्यापासून लपवताना तुम्हाला त्रास होऊ नये, म्हणून मी मदत केली तुम्हाला. इतकी शिकलेली बाई आहे मी.

आणि आणखी एक सांगू? — नको. नाही सांगत.

सांगते. बोललेच आहे इतकं. काल ते म्हणाले ना, की तपासणी होऊ शकली नाही — तेव्हा राग नंतर आला. त्याच्या आधी, अगदी पापणी लवेल एवढा वेळ, मला बरं वाटलं. हो. सुटल्यासारखं. कारण त्यांनी आधीच सांगितलं होतं, की ज्यांच्या गाठीत खुंट्या नसतात त्यांचा आजार जास्त आडदांड निघतो, तिकडे परदेशात तसं दिसायला लागलंय. म्हणजे बघा, ‘आहे’ आलं असतं तर पोट उघडायचं, ‘नाही’ आलं असतं तर — तर दिवस मोजायला बसायचं. दोन्ही उत्तरं वाईट. आणि तुम्ही, तुमच्या त्या बाटलीभर औषधानं, तिसरं उत्तर आणलंत. माहीत नाही. ते एकच असं होतं की ज्यात मी काल रात्रीपर्यंत राहू शकत होते. म्हणून तर इतकी चिडलेय मी तुमच्यावर! तुम्ही माझं नुकसान केलंत आणि मला ते आवडलं, क्षणभर. ह्याबद्दल मी कुणाला माफ करायचं?

आणि पोट उघडायचं म्हणजे काय, ते तुम्हाला... तुम्ही बाहेर बघा जरा, माझ्याकडे नको. आम्ही ठरवलं होतं. पूजेची सुट्टी झाली की. लीनाला भावंड हवं म्हणून. तिचे लहानपणचे कपडे मी नागपूरला कुणाला दिले नाहीत, ट्रंकेत आहेत, तुमच्याच पलंगाखाली. थोरल्या दिराला हे सांगतेय मी. कठीण आहे. पण ती ट्रंक तुमच्या पलंगाखाली आहे आणि ती बाटली तुमच्या कपाटात आहे, मग तुम्हाला नाही तर कुणाला सांगू? ह्यांना सांगितलं तर हे पेपर आणायला जातात.

मी हो म्हणणार आहे सोमवारी. तुम्हाला वाटत असेल विचारायला आलेय, नाही, ठरलंय माझं. लीनाला आधी आई हवी, भावंड राहू दे. पण मला माहीत असायला हवं होतं, भाऊजी! जे काढून देतेय ते कशासाठी देतेय, एवढंच. कदाचित वाचेन त्यानं. कदाचित कशालाच नाही, उगीच दिलं असेल मी ते. आणि हे मला कधीच कळणार नाही, म्हातारी झाले तरी, झाले तर. प्रत्येक वेळी खालच्या मजल्यावर तान्हं बाळ रडेल आणि मला वाटेल, खुंट्या होत्या की नव्हत्या? हे तुम्ही केलंत. माझ्यावर ही शंका तुम्ही घातलीत, झाकण न लावता.

— ही काय? किल्ली? दिलीत? इतक्या सहज?

म्हणजे आहेच तिथे. आहेच. मला वाटलं होतं तुम्ही नाही म्हणाल, मग मी ओरडेन, मग तुम्ही ओरडाल, तुमच्या तोंडून काहीतरी खरं बाहेर पडेल. आणि तुम्ही ही अशी टेबलावर ठेवता, मांजरापुढे बशी सरकवावी तशी. तुम्ही मला धड रागवूसुद्धा देत नाही. एक वाक्य, भाऊजी. डुलकी लागली होती म्हणा. पुस्तक वाचत होतो म्हणा. तुझ्यापेक्षा मला त्या बेडकाची किंमत जास्त म्हणा, चालेल मला! पण असं गुन्हेगारासारखं तोंड करून बसू नका, माझ्याच्यानं बघवत नाही, आणि मला बघायचंय. मला वाटतं तुम्ही काहीतरी गिळून बसलाय. इतका विसरभोळा माणूस, आणि ह्या एका गोष्टीवर तुमच्या तोंडाचं झाकण कसं घट्ट बसलंय!

जा तुम्ही. खरंच जा. उठा, कॉलेजात जा, माशाचं पोट फाडा, कुठेही जा. सोमवारी मला सोडायला येऊ नका. लीनाला मी ह्या वेळी घोष मावशींकडे ठेवेन, सकाळपासून. तुमच्याकडे नाही. तुमच्याकडे मी आता पाण्याचा तांब्यासुद्धा —

काय गं? कधीची उभी आहेस दारात? चित्र झालं का? जा, आत जाऊन रंगव, मी आलेच. काही नाही, काका आणि मी बोलतोय. मोठ्यानं बोलतेय मी, हो. तुला नाही रागावले. अगं, रडतेस कशाला — इकडे ये, ह्या बाजूला, उजवीकडे बस — भाऊजी, तिला हातानं खुणा काय करताय? बोलू दे तिला. माझी मुलगी आहे, बोलू दे. काय, बाळा? काकांचं धोतर सोड आधी. हं. बोल. कुणी सांगू नको म्हणालं? काय नाही सांगायचं आईला?

‘काका रोज कपाटाला कुलूप लावतात, मला बेडूकपण नाही दाखवत आता. म्हणाले, आईला सांगायचं नाही, कधीच नाही. पण त्या दिवशी मला गरम होत होतं, आणि काका दाढी करत होते. मी शुधू बरफ खाल्ला, आई. ती छोटी बाटली मी नाही उघडली.’